गाडी थांबली की

माझी कोलकात्याला बदली झाली त्याच वर्षी आईचं डायलिसिस सुरू झालं. बँकेतून लवकर निघून मी आठवड्यातून दोनदा तिला बागबाजारच्या घरून सियालदहच्या पुढच्या एका रुग्णालयात माझ्या गाडीतून न्यायची. येताना ती मागच्या सीटवर आडवी व्हायची.

एकदा सिग्नलला म्हणाली, "अगं, काहीतरी थरथरतंय."

मला वाटलं, तिच्याच अंगात. डायलिसिसनंतर थकवा येतो, असं डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं. घरी आल्यावर मी तिचं बीपी मोजलं. पुढच्या खेपेला ती पुन्हा तेच म्हणाली, मी पुन्हा बीपी मोजलं. त्यानंतर ती काही बोलली नाही.

मग एका दुपारी रुग्णालयातून येताना श्यामबाजारच्या चौकात गाडी गचके देत बंदच पडली. लोकांनी ढकलून शेजारच्या गल्लीतल्या गॅरेजपुढे लावून दिली. मेकॅनिक साठीचा, शांत. त्याने हिंदीत विचारलं, "कब काँपती है?"

"आजच," मी म्हणाले.

मागून आई तिच्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, "दो महिना हुआ. चलती है तब नहीं. थांबली की. एसी लगाया तो जास्त."

तो खिडकीपाशी वाकला. "ठीक बोलछेन, माशिमा," तो बंगालीत म्हणाला. मावशी बरोबर सांगताहेत.

त्याने इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरच्या, ठिणगी पाडणाऱ्या कॉइलची जोडणी काढून पाहिली. पहिली काढली तशी गाडी जास्तच हलू लागली, दुसरीलाही तेच. तिसरी काढली तेव्हा काहीच फरक पडला नाही. म्हणजे तो सिलिंडर आधीपासूनच बंद होता. त्यानं तिथली कॉइल पहिल्या जागी लावली, तर पहिला बंद पडला. कॉइलच गेली होती. नवी बसवल्यावर इंजिनचा आवाज एकसारखा झाला.

रोज चालवून चालवून मला ते हलणं जाणवेनासं झालं होतं.

"तू सांगितलं होतंस," निघताना मी म्हणाले. "नंतर का गप्प बसलीस?"

"तू सारखं बीपी बघायला लागलीस. म्हटलं, माझंच असेल."

मला पुढचा रस्ता नीट दिसेना. गाडी कडेला घेऊन मी थोडा वेळ थांबले. आईने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला, डायलिसिसच्या सुयांच्या जागी पट्ट्या लावलेला.

त्यानंतर ती वर्षभर होती. तिची सगळी दुखणी मला कळली असं नाही. पण ती काही म्हणाली, की मी आधी तिचं पुरतं ऐकून घ्यायला लागले.