वाळूवरचं भांडण

वहिनीने गंगेच्या पलीकडच्या काठाला 'बीच' म्हटलं तिथेच माझं डोकं फिरलं.

"नदीला बीच नसतो, वहिनी. रेती म्हणतात त्याला," मी म्हटलं.

"रेती ट्रकमधून येते गं, बांधकामाला," ती हसत म्हणाली. "याला वाळू म्हणावं."

मी बनारसला जन्मले, इथेच शिकले, इथल्याच मुलींच्या शाळेत गणित शिकवते आणि घरात मराठी बोलते. माझी मराठी माझ्यापुरती ठीक आहे. पण वहिनी पुण्याहून आली की माझ्या तोंडातून निघणारा एकेक शब्द मेथी निवडावी तसा निवडते. परेशान नव्हे, त्रास. जिद नव्हे, हट्ट. दादा तर माझ्यासारखाच याच गल्लीत वाढलेला, शिव्याही इथल्याच शिकलेला. पण नोकरीसाठी पुण्याला गेला, आणि आता तो 'आपल्याकडे' म्हणाला की त्याला पुणं म्हणायचं असतं.

या खेपेला दोघं आले होते ते आईला न्यायला. कायमचं. फोनवर यातलं काही बोलले नव्हते. फोनवर नुसतं 'भेटून जातो' होतं. आल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला दादाने विषय काढला. तिकडे लिफ्ट आहे, खालीच डॉक्टर आहे, आईच्या गुडघ्यांना आपल्या जिन्याचा त्रास होतो, वगैरे वगैरे. सगळं पाठ करून आल्यासारखं. बाबा गेल्यापासून घरात आई आणि मी दोघीच. मी लग्न केलेलं नाही. आई गेली तर शाळेतून आल्यावर दार उघडायलाही कोणी असणार नव्हतं. पण हे मी दादाला सांगणं शक्यच नव्हतं. मी वेगळा मुद्दा मांडला, आणि तो मला अगदी बिनतोड वाटत होता. आई काशी सोडणार नाही.

काशीत मेलं की सुटका. आणि गंगेच्या पलीकडे, रामनगरच्या बाजूला मेलं तर पुढचा जन्म गाढवाचा, असं इथे पानवाल्यापासून पंडितापर्यंत सगळे सांगतात, बहुतेक जण हसत हसत. बाबा हसत नसत. ते पाठशाळेत संस्कृत शिकवायचे, आणि त्यांनी उभ्या आयुष्यात पलीकडे पाय ठेवला नाही. त्यांच्यामुळे आईनेही नाही. गल्लीतली कुटुंबं हिवाळ्यात नाव करून पलीकडे जायची. 'बहरी अलंग' म्हणतात त्याला इथे, म्हणजे शहर सोडून मोकळ्यावर दिवस काढायचा, नहायचं, तिथेच गोवऱ्यांवर बाट्या भाजायच्या. आम्ही दोघं भावंडं शेजाऱ्यांबरोबर जायचो आणि आई घाटावर उभी राहून हात करायची.

म्हणून वहिनीने रविवारी पलीकडे जायचा बेत काढला तेव्हा मी मनातून खूश झाले. आपणहून खड्डा खणत होती.

"आई यायची नाही," मी दादाला म्हटलं. "जी नदीपार येत नाही ती पुण्याला काय येणार?"

आतून तांदूळ निवडता निवडता आई म्हणाली, "येते की. मोजे घालू का रे? वारा असेल."

दादा मिशीतल्या मिशीत हसला. मला वाटलं, मुलाचं मन मोडवत नाही म्हणून येते आहे. तिकडे जाऊन बसली की आपोआप घाबरेल, आणि मग बघू.

अहिल्याबाई घाटावरून नाव केली. आईला नावेत चढवताना दादाने एक हात धरला, मी दुसरा धरला, आणि आम्ही दोघांनी तिला दोन बाजूंना असं ओढलं की नाववाला ओरडला. नाव निघाल्यावर वहिनीने फोन काढून घाटांचं चित्रीकरण सुरू केलं. हा आपल्या अहिल्याबाईंचा, तो लांबचा आपल्या नागपूरकर भोसल्यांचा. "अहो, बघा ना, इथे सगळं आपलंच आहे," ती दादाला म्हणाली.

"मग राहा ना इथेच," मी म्हटलं. "आईला कशाला नेता?"

वहिनीने फोन पुढच्या घाटाकडे वळवला. आई पाण्यात हात घालून बसली होती.

घोडे आणि उंट फिरवतात त्या गर्दीपासून बरंच वरच्या अंगाला नाववाल्याने आम्हाला उतरवलं. तिथे बाहेरचे लोक फारसे येत नाहीत. चारदोन घरची माणसं होती, सतरंजीच्या कोपऱ्यांवर चपला ठेवून बसलेली. एक आजोबा अंगाला तेल चोळत होते. बाकी सगळा वारा. पछुआ सुटला होता, शहराकडून पाण्यावरून सरळ येणारा, आणि पायाशी वाळूचा एक थर सतत सरकत होता. तोंड उघडलं की दातांत कचकच. मी पहाटे उठून पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि दहीभात केला होता. डबा उघडला तोच भातावर वाळू बसली. वहिनीने पिशवीतून पुण्याहून आणलेली बंद पाकिटं काढली आणि एकेकाच्या हातात दिली. "यात वाळू जात नाही," ती म्हणाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी हट्टाने तो दहीभात कचकच चावत संपवला.

दादाने हात पुसले आणि तो म्हणाला, "तर आई, तिकिटाचं बघायचं का?"

"तिला कशाला विचारतोस? तू ठरवूनच आलायस," मी म्हटलं.

"मी तिच्या भल्याचं बोलतोय. तू शाळेत असताना ती जिन्यावरून पडली तर?"

"आत्तापर्यंत कोणी सांभाळलं? तू? पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि वर्षातून एकदा येऊन जिना मोजायचा!"

"हे बघ, तू तिच्यावर उपकार करत नाहीयेस. घर तुला फुकट आहे."

मग मात्र माझा तोल गेला. "रहने दो! बहुत हो गया! जब सब तय करके आए हो तो यह नाटक किसलिए? ले जाओ, अभी ले जाओ, नाव खड़ी है!" मी उभी राहून ओरडत होते. सतरंज्यांवरची माणसं एकदम आपापल्या डब्यांत बघायला लागली. तेल चोळणारे आजोबा मात्र उघड उघड ऐकत होते.

"मराठीत भांड गं," वहिनी म्हणाली. "आम्हालाही कळू दे."

मी तिला काय म्हटलं असतं कोण जाणे. पण तेवढ्यात आई उठली. गुडघ्यावर हात टेकून, कोणाचा आधार न घेता उठली आणि पाण्याकडे चालू लागली. दादा उठायला लागला, त्याला मी हातानेच खाली बसवलं. आता ती घाबरली, मला वाटलं. आता ती परत न्या म्हणेल.

मी मागोमाग गेले. ती पाण्याच्या कडेला ओल्या वाळूवर बसली होती, मोजे काढून. समोर आमचं अख्खं शहर एका ओळीत उभं होतं. इतक्या वर्षांत तिने ते या बाजूने पाहिलं नव्हतं, आणि आताही ती त्याच्याकडे पाहत नव्हती, पायाच्या बोटांकडे पाहत होती.

"आई, तूच सांग त्यांना," मी म्हटलं. "काशी सोडणार नाही, असं तुझ्या तोंडून सांग. म्हणजे विषय संपला."

"मी असं कधी म्हटलं?"

"म्हणजे?"

"ते तुझे बाबा म्हणायचे. त्यांच्यामागून तू म्हणतेस. मला कोणी विचारलं?"

"आणि इकडे यायला घाबरायचीस ते? गाढवाचा जन्म?"

"घाबरत नव्हते. ते येऊ देत नव्हते." तिने पायावरची वाळू झटकली. "आणि गाढवाचा तर गाढवाचा. माझ्या माहेरचं, साताऱ्याकडचं गाढव झाले म्हणजे झालं."

मला हसू यायला हवं होतं. मला राग आला. "पुण्यात असं काय आहे तुझं?" मी विचारलं. "त्या वहिनीच्या हाताखाली राहायचंय तुला? ती तुला मीठ किती घालायचं तेही शिकवेल."

"शिकवू दे. मी तिला उलट बोलेन. आणि भाजीवालीशी भांडेन."

"काय?"

"भांडायचंय मला," आई म्हणाली. "मराठीत. भाजीवालीशी, दूधवाल्याशी, वरच्या मजल्यावरून पाणी सांडणाऱ्या बाईशी. लग्न होऊन इथे आले तेव्हा हिंदीचा ह येत नव्हता. दूधवाला पाणी घालायचा, मला दिसायचं. मी शब्द जुळवेपर्यंत तो पुढच्या दाराशी. नळावर बायका माझी बादली मागे सरकवायच्या. माहेरी विचार जा, अख्खी आळी मला वचकून असायची. आणि या गावात पन्नास वर्षांत मी एक भांडण जिंकले नाही."

"मी भांडते की तुझ्यासाठी! दूधवाला बदलला कोणी? वरच्या लोकांना पाइप लावायला लावला कोणी?"

"तू माझ्यासाठी भांडतेस. आणि माझ्याशीपण भांडतेस." तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे वाऱ्यात मला वाकून ऐकावं लागत होतं. "एरवी मराठीत गोड बोलतेस. चिडलीस की हिंदीत शिरतेस, आत्ता शिरलीस तशी. तिथे मी पोचेपर्यंत तू दार आपटून गेलेली असतेस. आणि मी हिंदीत तोंड उघडलं की आधी माझी चूक सुधारतेस, मग उत्तर देतेस. शाळेतल्या पोरीसारखी उभी करतेस मला."

"खोटं आहे," मी म्हटलं. पण मागच्याच आठवड्यात गॅसवाल्यावरून आमचं झालं होतं, आणि ते कसं संपलं होतं हे मला स्वच्छ आठवत होतं.

तरीही मला तिची कीव आली नाही. मी खरंच चिडले होते. ज्या बाईला मी अंघोळीचं पाणी काढून दिलं, जिच्यासाठी बदलीच्या दोन जागा नाकारल्या, तिला एका भाजीवालीशी भांडायला पुण्याला जायचं होतं. मागे दादा आणि वहिनी सतरंजीवर बसून आमच्याकडे बघत होते. वाऱ्यामुळे त्यांना काही ऐकू जात नव्हतं, आणि त्यांना ते ऐकू जाऊ नये असं मला फार वाटलं.

जाऊ नकोस, एवढं म्हणायचं होतं मला. दोनच शब्द, लहान मुलालाही येणारे. मी ते म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते हे:

"तो हम क्या करें? अकेले मरें यहाँ? बोलो!"

आईने वर पाहिलं. तिच्या पापण्यांवर वाळू बसली होती. ती दोन्ही हात टेकून उठायला लागली. मी हात पुढे केला, तो तिने धरला, उभी राहिली आणि धरूनच ठेवला. मग मला नीट कळावं म्हणून, माझ्या भाषेत, एकेक शब्द वेगळा करत ती म्हणाली, "हम तो जायेगी."

इथल्या बायका 'हम जाएँगे' म्हणतात. इतक्या वर्षांत तिला ते जमलं नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे पाहत थांबली, सुधारते का बघायला. मी सुधारलं नाही. या गावातलं तिचं पहिलं भांडण ती जिंकली होती, आणि तेही हिंदीत.