आजीचा चहा आणि लेकीचा चष्मा

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. असतो, मी नाही म्हणत नाही. पण त्या हिवाळ्यात आमच्या घरात जे चाललं होतं, ते पाहून एखाद्या देवमाणसाचाही पारा चढला असता.

आमचं घर हिंगोलीकडच्या गोरेगावात, बाजाराच्या मागच्या गल्लीत. नवरा शेती बघतो, मी घरी ब्लाउज शिवते आणि सासूबाई घरावर व अर्ध्या गल्लीवर लक्ष ठेवतात. लेक तिसरीत. तिला वर्षभरापूर्वीच चष्मा लागला होता, पण तो नाकावर कमी आणि डबीत जास्त असायचा. चष्मा सारखा घातला की डोळ्यांना त्याची सवय लागते आणि नंबर वाढतो, असं सासूबाईंचं ठाम मत. त्यात पोरीची जात. पाहुणे आले की आजी आधी नातीचा चष्मा उतरवायची आणि मग तिला पाण्याचा तांब्या घेऊन पाठवायची. लेक बिचारी अंदाजाने पाहुण्यांपर्यंत पोहोचायची.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेतून तक्रार आली की ही फळ्यावरचं बघून लिहीत नाही, शेजारणीच्या वहीत बघून लिहिते. मी चिडले, नवऱ्याला शेतातून बोलावलं आणि आम्ही तिघं जीपने हिंगोलीला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. नंबर बराच वाढला होता.

डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "वाढीच्या वयात हा नंबर वाढतो. वाढलेला खाली येत नाही. वाढण्याचा वेग कमी करता येतो, तेवढं आपल्या हातात आहे. चष्मा दिवसभर घालू द्या. रोज उजेडात, मोकळ्यावर खेळू द्या. मोबाइल कमी करा. पुस्तकसुद्धा नाकाला लावून वाचायचं नाही, मधूनमधून लांब बघायचं. असाच भराभर वाढत गेला तर पुढे डोळ्याच्या आतल्या पडद्याला धोका होऊ शकतो. उन्हाळ्यात परत आणा."

पडद्याचं ऐकून मी घाबरले. नवरा मात्र परतीच्या जीपमध्ये छाती काढून म्हणाला, "उन्हाळ्यापर्यंत नंबर उतरवूनच दाखवू."

"ती बाई काय म्हणाली, ऐकलं का तुमी? उतरत न्हाई म्हणाली."

"ऐकलं ना. पण मनावर घेतलं तं काय होत न्हाई?"

हळदीचा एकरी उतारा वाढवायचा असला की हा माणूस याच सुरात बोलतो. लेक आमच्या दोघांच्या मध्ये बसून हे सगळं ऐकत होती.

घरी आल्यावर सासूबाईंनी त्याच्यावर कडी केली. आमच्याकडे घरातल्या कुणासाठी देवाकडे काही मागायचं असलं की बाया आपल्या आवडीची एखादी गोष्ट सोडतात. मागणं पुरं होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. कुणी भात सोडते, कुणी पायात चप्पल घालत नाही. सासूबाई देव्हाऱ्यासमोर गेल्या, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझ्या लेकराचा चष्मा उतरंस्तोर म्या चहा सोडला."

चहा म्हणजे सासूबाईंचा जीव. आमच्या गॅसवर भाजीपेक्षा चहा जास्त वेळा चढतो. नवऱ्यालाही चेव आला, त्याने गोड सोडलं. मग दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "माझ्याजवळ सोडण्यासारखा फक्त राग हाये, आन तो सोडला तं या घरात कोणी वेळेवर जेवणार न्हाई."

सोडायची ती वस्तू कुणीच सोडली नव्हती. आजी नातीला मांडीवर घेऊन फोनवर कीर्तनं बघायची, आणि कीर्तन संपलं की पुढचं जे लागेल ते बघायची. सासूबाईंना वाचता येत नाही, त्यामुळे शोधून द्यायला नात लागायचीच. नवरा जेवताना हळदीचे भाव बघायचा. आणि मला नवीन गळ्याचं डिझाइन हवं असलं की मीच लेकीला हाक मारायची, "बघ गं, तो मागच्या गाठीचा सापडतो का." म्हणजे देवाला चहा गेला, साखर गेली आणि फोन जागच्या जागी राहिला.

सासूबाईंचं डोकं दुखायला लागलं. दुपार झाली की कपाळाला फडकं आवळून त्या खाटेवर पडायच्या. नात शाळेतून आली की दप्तर टाकून आधी आजीचं डोकं चेपायला बसायची. गल्लीतल्या बाया यायच्या, आजीच्या त्यागाचं कौतुक करायच्या आणि जाता जाता लेकीला विचारायच्या, "काय गं, कमी झाला का नंबर? आजी बघ किती तकलीफ काढून राहिली तुझ्यासाठी." लेक मान खाली घालायची. मला वाटायचं, लाजत असेल.

संक्रांत झाली आणि शाळेत डोळे तपासणारं पथक आलं. लेक उड्या मारत घरी आली. "आजी, मला सगळं दिसलं! बोर्डावरचं शेवटपर्यंत वाचलं मी, बिनचष्म्याचं!"

घरात दसरा-दिवाळी एकदमच आली. नवऱ्याने स्टँडवरून पेढे आणले आणि पहिला स्वतःच खाल्ला. सासूबाईंनी आल्याचा चहा टाकला, दूध उतू गेलं तरी कुणी रागावलं नाही. बशीत ओतून पहिला घोट घेताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवत होतं. उतरत नाही म्हणाल्या होत्या ना? पण सगळ्यांचे चेहरे इतके फुलले होते की त्या दिवशी मी पहिल्यांदाच तोंड आवरलं. शिवाय माझ्याही मनाला ते खरं व्हावंसं वाटत होतं. चष्म्याची डबी कपाटात गेली.

पुढच्याच आठवडी बाजारात सगळं उघडं पडलं. लेक कांद्याच्या ढिगाशी उभी होती आणि मी समोरच्या बाजूला भेंडी निवडत होते. "ये इकडं," म्हणून मी हात केला. ती हसत निघाली आणि माझ्यापासून थोड्याच अंतरावर उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईच्या पदराला जाऊन बिलगली. तिची साडी माझ्या साडीसारखीच जांभळी होती. त्या बाईने "अगं माय, कोणाची तू?" म्हणून खाली पाहिलं तेव्हा लेक दचकली. वर चेहरा बघितल्यावर तिला कळलं की ही आपली मम्मी नाही.

भेंडी तिथंच टाकून मी तिला हाताला धरून देवळाच्या पारावर नेलं. "खरं सांग. बोर्ड कसा वाचला तू?"

आधी ती रडली. मग हुंदके देत तिने सांगितलं. ती रांगेत मागे उभी राहिली होती. पुढच्या पोरी मोठ्याने वाचत होत्या, ऐकून ऐकून तिने अक्षरं पाठ केली. चष्मा आधीच दप्तरात लपवला होता. कुणाला चष्मा आहे का, असं विचारलं तेव्हा तिने हातच वर केला नाही.

"पण काहून केलं असं?"

"आजीचं डोकं लई दुखून राहिलं होतं ना. माझा चष्मा उतरल्याशिवाय तिला चहाच भेटणार नव्हता. मी किती डोळे मोठे केले मम्मी, तरी नव्हतं दिसत. मंग पाठ केलं."

आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्यापुढे एक काम ठेवलं होतं, जे जगातल्या कुठल्याच लेकराला करता येत नाही. आणि ते होईपर्यंत म्हातारी बिनचहाची तिच्यासमोर झोपवून ठेवली होती. तिने तिच्या परीने वाट काढली होती. मी तिला जवळ घेतलं आणि पारावर बसून मीही रडले. बाजारातल्या बाया बघत होत्या, बघू दे म्हटलं.

घरी सासूबाई चहाच पीत होत्या. ऐकल्यावर त्यांनी बशी खाली ठेवली. "म्हंजे देवाशी खोटं झालं म्हणायचं," त्या पुटपुटल्या.

तिथं माझा बांध फुटला. "देवाचं तुमी बघा, आत्या. तुमच्या चहापायी लेकरू आठवडाभर अंधारात चाचपडल्यासारखं गावात फिरून राहिलं. गाडीखाली आलं असतं म्हंजे?" सासूबाई उठल्या, कपाटातून डबी काढली, पदराने काचा पुसल्या आणि नातीच्या नाकावर चष्मा ठेवला. काड्या तिच्या कानांमागे नीट बसवल्या.

रागाच्या भरात मी दोन्ही फोन कपाटात कोंबले आणि किल्ली कमरेला खोचली. आजपासून या घरात फोन बंद! संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकलं नाही. नवऱ्याला हळद शिजवायच्या कढईवाल्याला फोन करायचा होता, एका नवरीचं माप फोनवर यायचं होतं, आणि लेकीच्या शाळेचा अभ्यासही त्यातच आला होता. मी निमूटपणे कपाट उघडलं. नवरा हसला नाही, हे त्याचं नशीब.

सकाळी सासूबाई मारुतीच्या देवळात गेल्या आणि बऱ्याच वेळाने आल्या. "देवाला सांगून आले," त्या म्हणाल्या. "म्हणलं, जे माझ्या हातात न्हाई ते म्या बोलून बसले. लेकराच्या डोक्यावर वझं दिलं. आता जे हातात हाये तेवढंच बोलते. जेवताना फोनला हात लावायचा न्हाई. मी न्हाई, तू न्हाई, तुझा नवरा न्हाई. आन चष्मा झोपेपर्यंत नाकावर."

"एवढंच?"

"एवढं तं जमू दे आधी."

"आन चहा?"

"पुजाऱ्याच्या घरून पिऊनच आले."

जेवताना फोन नाही, हे ऐकायला अगदीच किरकोळ वाटलं. पण पहिल्या दिवशी नवऱ्याचा डावा हात आपोआप खिशाकडे जात होता आणि लेक त्याच्यावर पहारा देत होती. "पप्पा, हात!" म्हणून ती ओरडली की तो चोरी पकडल्यासारखा भाकरी मोडायचा. हळूहळू जेवताना बोलणं सुरू झालं. शाळेत कुणाचं कुणाशी भांडण झालं, कुणाचं माप चुकलं, असंच काहीबाही. तेवढं अंगवळणी पडलं तेव्हा लेकच म्हणाली, "आता उजेडाचं धरायचं का?"

ते धरायला मुहूर्तही बरा सापडला. शेतात शिजवलेली हळद वाळत पडली होती, आणि ती राखायचं काम दरवर्षी सासूबाईंचं. शाळा सकाळची झाली होती. उन्हं कलली की नात टोपी घालून आजीबरोबर शेतात जायची. शेळ्या हाकलायच्या, बांधावर पळायचं, आणि लांबून रस्त्याने येणारा माणूस कोण ते आधी ओळखायचं, हा दोघींचा खेळ. चष्मा असल्यामुळे लेक रोज जिंकायची. "म्हातारीला हरवते!" म्हणून सासूबाई गल्लीभर सांगत सुटायच्या. आता पाहुणे आले तरी चष्मा कुणी उतरवत नव्हतं. एका मावशीने नाक मुरडलं, तर सासूबाई म्हणाल्या, "दिसतंय तिला बराबर. तुमचं तुमी बघा."

मोडलं नाही असं नाही. लग्नसराईत ब्लाउजांचा ढीग पडला तेव्हा मीच एकदा भर दुपारी तिच्या हातात फोन दिला, नुसतं गप्प बस म्हणून. संध्याकाळी तिने मला विचारलं, "मम्मी, आता सगळं पुन्हा पहिल्यापासून का?" मी म्हटलं, "न्हाई गं बाई. आजचं गेलं. उद्याचं उद्या धरू." तिच्या मनावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं, आणि मला फार बरं वाटलं.

उन्हाळ्यात हिंगोलीला जायची वेळ आली तेव्हा सासूबाईही जीपमध्ये चढून बसल्या. वाटेत कुणी नंबराचा विषय काढला नाही. मी मनातून घाबरलेच होते. दवाखान्यात आधी लेकीची हनुवटी मशीनवर टेकवून डोळे तपासले. डॉक्टरीणबाईंनी निघालेला कागद बघितला, जुना कागद शेजारी ठेवला आणि म्हणाल्या, "जवळपास तेवढाच आहे. एका डोळ्यात किंचित वाढलाय, दुसऱ्यात नाही. छान सांभाळलंत. पण पुढेही असंच ठेवा, वाढीचं वय अजून बरंच उरलंय."

मला हायसं वाटलं. सासूबाईंना नीट कळलं नसावं. त्यांनी माझ्या दंडाला हात लावून हळूच विचारलं, "उतरला का?"

"उतरला न्हाई आत्या. पण थांबल्यासारखा झालाय."

डॉक्टरीणबाईंनी लेकीला स्टुलावर बसवलं आणि चष्मा काढायला सांगून समोरचा बोर्ड वाचायला लावला. ती वरून वाचत खाली आली. मोठी अक्षरं झाली, मधली झाली, मग ती अडखळली. शेजारच्या खुर्चीवरचं पोरगं तोच बोर्ड घडाघडा वाचून नुकतंच उठलं होतं. लेकीने मान वळवून आजीकडे पाहिलं. आताही ऐकलेलंच म्हणते की काय, असं मला वाटलं.

"याच्या खालचं मला नाही दिसत," ती म्हणाली. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

सासूबाई उठल्या आणि स्टुलाजवळ गेल्या. "न्हाई दिसत तं न्हाई दिसत, माय," त्या म्हणाल्या आणि चष्मा उघडून तिच्यासमोर धरला.