कडब्याच्या रंगाचा झेंडा

गावाला स्वतःचा झेंडा पाहिजे, असं आमच्या नळदुर्गातल्या काही हौशी मंडळींनी ठरवलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं. मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेली. मंडळींचा म्होरक्या, हायवेवरचा ढाबेवाला, माझाच विद्यार्थी. "सर, तुमच्याशिवाय कोण हाय?" म्हणाला. छाती फुगली आणि त्या दिवसापासून झोप उडाली.

कारण रंग! अहो, रंग शिल्लकच कुठं राह्यलेत? भगवा एकाचा, निळा दुसऱ्याचा. पिवळा घ्यावा तर वडील आठवतात. त्यांच्या लहानपणी शाळेवर निजामाचा पिवळा झेंडा असायचा, मग तिरंगा आला. गावाचा असा कधीच नव्हता. आणि हिरव्याला मी हात लावायची सोय न्हाय. मी मुसलमान. हिरवा ठिपका जरी पडला तरी म्हणतील, सरांनी आपलंच घोडं दामटलं. मला एवढंच पाहिजे होतं, की झेंडा बघून गावानं म्हणावं, हा आपला. आणि काढणारा बी आपलाच.

घरभर येरझारा सुरू झाल्या. जेवता जेवता उठायचो, खडूनं फरशीवर रेघा मारायचो, पुसायचो. बायको वैतागली. "अजी, एक जगह बैठो तो! झेंडा है के बाळंतपण?"

शेवटी सुचलं. किल्ल्याचा काळा दगड आणि त्यावरून पडणारा नर-मादी धबधबा, म्हणजे काळ्यावर दोन पांढऱ्या धारा. झालं! कापड शिवून घेतलं, गच्चीवर लावलं. थोड्याच वेळात शेजारच्या काकू धापा टाकत वर आल्या.

"सर, कुणाचा निषेध? कोण मंत्री येणारंय?"

मी कपाळावर हात मारला. काळा झेंडा कशाला दाखवतात हे शेंबडं पोरगं सांगेल, आणि मला सुचू नये?

तणतणत खाली उतरलो. रस्त्यानं कडब्यानं भरलेला ट्रॅक्टर चालला होता. बघतच राह्यलो. वाळल्या ज्वारीचा तो फिकट रंग ना कुठल्या पक्षाचा, ना धर्माचा. मग धारांसकट काळा दगड खालच्या निम्म्यात आणला आणि वर कडब्याचा रंग दिला.

बैठकीत मंडळींनी कापड उलटसुलट करून बघितलं. हिरवं शोधत होते, मला कळत होतं. सापडलं न्हाय, तसा सगळ्यांना पसंत पडला. निघताना ढाबेवाल्यानं मला बाजूला घेतलं. त्याची मान खाली.

"सर, झेंडा एक नंबर. फक्त कुणी काढला ते जाहीर नको करायला. उगं चर्चा व्हईल."

लई संताप आला. कापड ओढून घरी न्यावं वाटलं. याला मी हाताला धरून रेघ मारायला शिकवली होती! पण नेलं असतं तर गाव परत झेंड्याविना. "बरं," म्हणालो आणि निघालो.

झेंडा चढवला तेव्हा मी गर्दीत पार मागं उभा होतो. वाऱ्यानं कापड उलगडलं. माझ्या शेजारी बेंबळीकडून आलेला एक तरणा शेतकरी होता, मला न ओळखणारा. तो वर बघून हसला.

"हा आपल्याच कुणीतरी काढलाय. भायेरच्याला कडबा कुठला कळायला! व्हय का न्हाय, चाचा?"

मी तोंड उघडलं. लांबून ढाबेवाला माझ्याकडंच बघत होता.

"व्हय," म्हणालो. "आपल्याच कुणीतरी."