लेकरं समोर बसणार नाहीत

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात मी आर्णीहून एका वर्तमानपत्राला बातम्या पाठवत असे. पुढारी पुष्कळ पाहिले, भाषणं पुष्कळ लिहून घेतली. आज त्यातलं एकही आठवत नाही. आठवते ती तानाबाई.

आर्णीजवळच्या खेड्यात तिचं घर. नवरा उकंडा, सासरे नानाजी, चार वर्षांची अर्पिता आणि अंगावर पिणारा ऋतिक. त्या वर्षी कापूस बरा पिकला, पण सरकारी खरेदी केंद्र बंद पडलं. उकंडा कापसानं भरलेली बैलबंडी घेऊन केंद्राच्या फाटकाशी मुक्कामाला होता. उरलेला कापूस घरात, आढ्याला टेकलेला. लेकरं त्याच्यावरच झोपायची आणि अंग खाजवत उठायची.

केंद्रासमोर रस्ता अडवायचं ठरलं, तेव्हा तानाबाई दोन्ही लेकरं घेऊन निघाली. नानाजींनी दारात हटकलं.

"लेकराईले कायले नेतं? तिथं काय जत्रा हाय?"

"मंग कोणापाशी ठेवू, मामाजी? हा तं पेते अजून."

"तं तूही राह्य घरी. बाकीच्या बाया जाऊन राह्यल्या ना."

"साऱ्याच असं म्हणतीन तं रस्त्यावर कोण बसन?" तिनं मान खाली घालूनच उत्तर दिलं. "अन् कापसाची खाज लेकराईलेच सुटली. त्याईचंही हाय हे भांडण."

नानाजी बाजूला झाले. पटलं म्हणून नव्हे. सुनेशी दारात वाद घालणं त्यांना शोभत नव्हतं.

दुपारपर्यंत सगळं शांत होतं. बायका डांबरावर बसून शेंगा फोडत होत्या. मग कुठून तरी एक दगड आला. तो कोणी मारला, ते पुढंही कधी कळलं नाही. पोलिसांनी लाठ्या उचलल्या आणि बसलेला रस्ता एकदम उठून पळाला. ऋतिक तानाबाईच्या कडेवर होता. अर्पिताचा हात सुटला.

मी चहाच्या टपरीच्या बाकावर चढलो होतो, म्हणून मला दिसलं. सगळी माणसं एकीकडं पळत होती आणि ही एकटी बाई उलट दिशेनं चालत होती. धावत नव्हती. लोक अंगावर आदळत, ती खांदा वळवून ऋतिकला सांभाळी आणि पुन्हा पुढं पाऊल टाकी. मध्येच ती वाकून माणसांच्या पायांतून पाही.

अर्पिता एका बंडीपाशी सापडली. जुंपलेल्या बैलाच्या पुढच्या दोन पायांच्या मधे ती उभी होती, एका पायाला मिठी मारून. माणसं बैलाच्या तोंडावर येत होती, त्याचे डोळे पांढरे झाले होते, नाकपुड्या फुलल्या होत्या. फटाक्याच्या आवाजानं जू मोडून पळालेले बैल मी पाहिले आहेत. या बैलानं पाय उचलला नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही. तानाबाईनं पोरीला बाहेर काढलं, बैलाच्या पायाला हात लावून तो कपाळाला लावला आणि मगच ती रडली.

घरी नानाजींना बातमी आधीच पोचली होती.

"पाह्यलं?" एवढंच ते म्हणाले.

"पाह्यलं, मामाजी. तुमचं बराबर होतं." तिनं ऋतिकला खाली ठेवलं. "माह्यंही चूक नव्हतं. पण मी लेकरं नेली अन् त्याईची जागा नाई पाह्यली."

पुढचं धरणं यवतमाळला, कलेक्टर कचेरीसमोर होतं. तानाबाई आली ती जुनी लुगडी आणि दोर घेऊन. मांडवापासून दूर, रस्त्याच्या पलीकडं, कडुनिंबाची दोन झाडं होती. तिनं फांद्यांना झोळ्या बांधल्या, खाली सतरंजी टाकली आणि बायांमधून फिरून सांगितलं, "लेकरं तिथं राह्यतीन. मायले लेकरू दिसलं पाह्यजे, पण लेकराले गर्दी लागली नाई पाह्यजे." ही सोय होणार, हे तिनं आधीच कळवलं होतं; लेकरं राखायला घरी कोणी नाही म्हणून आजवर न आलेल्या कितीतरी बाया त्या दिवशी आल्या होत्या. बघता बघता झाडाखाली अंगणवाडी भरली. बायका पाळीपाळीनं उठून पाजून जात.

दुपारी एक पुढारी तिथं आले. झोळ्या पाहून खूश झाले.

"तानाबाई, हे पोट्टे समोर आणून बसवा. फोटो चांगला येते. अन् लेकरं समोर असली की पोलीस हात उचलत नाई."

ती झोका देत होती. तो तिनं थांबवला नाही.

"लेकरं समोर बसणार नाईत, भाऊ."

"अहो, सगळ्याईच्या फायद्याचंच हाय ना ते."

"लेकरू म्हणजे ढाल नोहे. मार खायचा तं आपण खाऊ. त्याईनं नुसतं पाहावं, का माय कायले बसली."

पुढाऱ्यांनी आजूबाजूला पाहिलं. एकही बाई आपलं लेकरू उचलायला पुढं झाली नाही. ते परत गेले.

बंदोबस्तात केतकी नावाची एक तरुण शिपाई होती. तिची तीन वर्षांची आभा सकाळपासून पोलीस गाडीच्या सावलीत उभी होती. नवरा नोकरीला परगावी, शेजारीण माहेरी गेलेली. केतकी मुलीला घेऊनच ड्यूटीवर आली होती. तानाबाई रस्ता ओलांडून तिच्याकडं गेली.

"पोरगी दे माह्यापाशी."

"बाई, मी तुम्हाला पकडायला आले आहे."

"मंग पकड ना. पोरीले कायले उन्हात ठेवतं?"

केतकीनं बंदोबस्तावरच्या साहेबांच्या दिशेनं पाहिलं, मग मुलीला सोडलं. आभा भाकरीचा कुटका खाऊन अर्पिताच्या शेजारी झोपली.

चारच्या सुमारास उठवण्याचा हुकूम आला. बायका आपणहून उठल्या आणि रांगेनं गाडीत चढल्या. जाताना प्रत्येकीनं एकदा कडुनिंबाकडं पाहिलं. साहेब म्हणाले, "त्या झाडाखालच्या बाईलाही घ्या."

केतकी ताठ उभी राहिली. "साहेब, माझी मुलगी झोपली आहे तिच्यापाशी."

साहेबांनी झोळ्यांकडं पाहिलं. मग टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं. "राहू द्या," म्हणाले, आणि दोन शिपाई त्या झाडांभोवती राखणीला ठेवले. सरकारविरुद्ध बसलेल्या बायांची लेकरं सरकारचे शिपाई राखत होते. मी बातमी लिहायला कागद काढला आणि तसाच खिशात घातला.

आठवड्याभरात केंद्र उघडलं. भाव मनासारखा मिळाला नाही, पण घरं रिकामी झाली. नंतरच्या वर्षांत जिल्ह्यात जिथं धरणं असे, तिथं बाया आधी झाड शोधत.

यवतमाळच्या त्या धरण्याच्या दिवशी बायांना दिवस बुडताना सोडलं. त्या आल्या आणि एकेकीनं आपलं लेकरू उचललं. केतकीची ड्यूटी संपायला उशीर होता, म्हणून तानाबाईनं गावाची शेवटची एसटी जाऊ दिली. केतकी आली आणि आभापाशी वाकली.

"जेवली काय व?" तानाबाईनं विचारलं.

केतकीनं नाही म्हणून मान हलवली. मग टोपी काढून ती वर्दीतच सतरंजीवर बसली, आणि एकाच फडक्यातली भाकर दोघी खाऊ लागल्या.