निळ्या गाडीशी माझं भांडण

निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने मी घरातल्या वस्तू दुरुस्त केल्या. नळ, दाराच्या कड्या, पंख्याचा रेग्युलेटर. मग दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही. बायकोला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. आम्हाला मूल नाही. मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर आमचं दोन खोल्यांचं घर. दुपारी जेवण उरकून ताट घासून ठेवलं की कोणाशी एक शब्द बोलायचं कारण नसायचं. दूधवालासुद्धा पिशवी कडीला अडकवून बेल न वाजवता निघून जायचा.

मरोळला ज्या कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो, तिथल्या एका जुन्या सहकाऱ्याने मला फोनवरच्या एका ग्रुपमध्ये घातलं. म्हणाला, "तुला रस्ते आणि बसचं एवढं वेड आहे ना, मग इथे डोकं लाव." उपनगरातल्या गाड्या, रस्ते, पार्किंग आणि सरकारी नियम यांवर तिथे दिवसभर भांडणं चालायची. निम्म्या लोकांनी नवीन गाडी घेतलेली, निम्म्यांना त्या गाड्यांमुळे घराबाहेर पडता येत नव्हतं.

मी चौतीस वर्षं मुलुंड ते मरोळ बसने गेलो. गाडी घेतली नाही ती ऐपत नव्हती म्हणून नाही. मला ते पटत नव्हतं. एका माणसाच्या सोयीसाठी रस्त्याचा एवढा तुकडा दिवसभर अडवून ठेवायचा, हे माझ्या मोजमापाच्या डोक्याला सहनच व्हायचं नाही. ग्रुपवर एकाने नव्या गाडीचा फोटो टाकला होता. बॉनेटला हार घातलेला, दोन चाकं फुटपाथवर. खाली प्रश्न : 'बिल्डिंगमध्ये जागा नाही, कुठे लावू?' मी लिहिलं, 'हे घेण्याआधी विचारायचं होतं.'

तासाभरात इतके अंगठे आले की मला कानकोंड्यासारखं झालं. आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. माझ्या बोलण्यावर कोणी 'वा' म्हणून किती वर्षं झाली होती!

मग रोज दुपारी मी तिथेच असायचो. लोक वाट्टेल ते बोलायचे. 'काका, बैलगाडी घ्या.' 'जळतात हे, स्वतःला जमलं नाही ना.' त्याचं मला काही वाटायचं नाही. पण एक जण वेगळा होता. नावाच्या जागी नुसती दोन अक्षरं, फोटोच्या जागी निळी गाडी. तो कधी शिवी द्यायचा नाही, फक्त विचारायचा. 'तुमच्या बसस्टॉपवर बसायला बाक आहे का?' 'बसची पहिली पायरी जमिनीपासून किती उंच असते, मोजलीत का कधी?'

नव्हती मोजली. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन डेपोपाशी गेलो. कंडक्टर म्हणाला, "क्या नाप रहे हो अंकल?" मी सांगितलं, एकाशी भांडण चाललंय. घरी येऊन लिहिलं : 'मोजली. जुन्या बसची फार उंच आहे, नव्या बसची कमी.' उत्तर आलं, 'आमच्याकडे जुनी येते.'

असं ते चालायचं. निळी गाडी आली नाही तर मला करमायचं नाही. भिजवलेले कपडे तसेच राहायचे आणि मी फोन उघडून बसायचो. मग मुद्दाम काहीतरी टोचणारं लिहायचो. 'गाडी ही गरज नसते, मिरवायची वस्तू असते.' असं लिहिलं की हमखास यायची.

हेच वाद मी आधीही घातले होते, पण ते घरात. बायकोने शेहेचाळिसाव्या वर्षी ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं, मला न विचारता. लायसन्स आणून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. म्हणाली, "अहो, छोटीशी, जुनी का होईना, घेऊया ना. मी चालवते. तुम्ही मागे बसून मला नियम सांगा." मी तिला रस्त्यांची रुंदी सांगितली. एका घराची सोय म्हणजे दहा घरांची गैरसोय, हे सांगितलं. ती आधी हसायची. पुढे हसेनाशी झाली, आणि मग विषय काढेनाशी झाली.

नंतर तिच्या मणक्याचं दुखणं निघालं, आणि ते साधं नव्हतं. दर आठवड्याला हॉस्पिटल. आम्ही रिक्षाने जायचो. खड्डा आला की ती माझं मनगट घट्ट धरायची. हॉस्पिटलच्या अलीकडे एक स्पीडब्रेकर होता. तो यायच्या आधी मी रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावून सांगायचो, "भाई, आहिस्ता." काही जण ऐकायचे, काही नाही. त्या दोन वर्षांत, गाडी असती तर, असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला उत्तर तरी देता आलं असतं.

हे मी ग्रुपवर कधी लिहिलं नव्हतं.

एकदा ग्रुपवर बातमी फिरली की, गाडी लावायला जागा आहे हे दाखवल्याशिवाय नवीन गाडी घेता येणार नाही, असा नियम येणार आहे. ग्रुप पेटला. मी दोन दुपारी खपून लांबलचक पोस्ट लिहिली. त्यात एक वाक्य होतं : 'चौतीस वर्षं गाडीशिवाय काढली, एकदाही अडलं नाही.' ती पोस्ट लोकांनी उचलून धरली. इकडून तिकडे पाठवली गेली. 'काकांसारखी माणसं हवीत,' वगैरे.

निळ्या गाडीने विचारलं, 'घरात कधी कोणी आजारी नव्हतं का?'

मी फोन ठेवला. चहा केला. प्यायलो. परत येऊन लिहिलं, 'नाही.'

'नशीबवान आहात,' असं उत्तर आलं.

पुढच्याच आठवड्यात घाटकोपरच्या काही रहिवाशांनी या नियमावर एका शाळेच्या हॉलमध्ये सभा ठेवली. मला फोन आला, "काका, तुम्ही फक्त पोस्ट वाचून दाखवा. बाकी आम्ही बघतो." रविवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घातला, पोस्ट स्वच्छ अक्षरात कागदावर उतरवून घेतली. गेटवर वॉचमन म्हणाला, "शादी में जा रहे हो क्या, साब?" कसा दिसतोय हे विचारायला घरात कोणी नव्हतं, म्हणून त्याच्या बोलण्यावर समाधान मानलं.

हॉल अर्धा भरला होता. माझ्याआधी एक बाई उठल्या. पन्नाशीच्या, सुती ड्रेस, बोटात किल्ल्यांची रिंग. त्यांच्या शेजारी व्हीलचेअरवर त्यांचे मिस्टर होते. त्यांचा एक हात सारखा थरथरत होता आणि बाई तो आपल्या हातात धरूनच बोलत होत्या.

"ग्रुपवर माझा निळ्या गाडीचा फोटो आहे, काही जण ओळखत असतील," त्यांनी सुरुवात केली.

मी इतके महिने समजत होतो की निळी गाडी म्हणजे कोणीतरी चाळिशीचा, एसीत बसणारा पुरुष.

"आमची बिल्डिंग जुनी आहे, पार्किंग नाही. हा नियम आधी असता तर मला गाडी घेताच आली नसती. यांना बसमध्ये चढवता येत नाही, मी करून बघितलंय. रिक्षावाले थांबत नाहीत, यांना बसायला वेळ लागतो म्हणून. तुम्ही नियम करा, पण आम्ही कसं जायचं ते पण त्यात लिहा. एवढंच." आणि त्या बसल्या.

मग माझं नाव पुकारलं. मी वाचायला लागलो. त्या वाक्यापाशी आलो आणि थांबलो. माईक कुंईकुंई करत होता.

"हे वाक्य खोटं आहे," मी म्हणालो. "माझी बायको दोन वर्षं आजारी होती. दर आठवड्याला अडलं."

आयोजकांपैकी एक जण खालूनच म्हणाला, "काका, म्हणजे तुमचा नियमाला विरोध आहे का?"

"नाही. नियम हवाच."

"मग?"

"मग काही नाही."

मागे कोणीतरी हसलं. मी खाली येऊन बसलो. पुढचा वक्ता फेरीवाल्यांवर बोलायला लागला आणि सभा तिकडे वळली.

बाहेर पायऱ्यांपाशी त्या बाई गाडीचं दार उघडून मिस्टरांना बसवत होत्या. मी व्हीलचेअर धरली. "मुलुंडला ना तुम्ही?" त्या म्हणाल्या. "चला, सोडते. यांना चक्कर होते तेवढीच."

गाडी राखाडी होती, एका बाजूला चेपलेली. मी विचारलं, "निळी नाही?"

"तो नेटवरचा फोटो. हवी होती निळी, मिळाली ही."

मी मागे बसलो. भांडुपला एलबीएस रोडवर आम्ही जे अडकलो ते हलेचना. माझ्याने राहवेना. "बघा, या प्रत्येक गाडीत एकेक माणूस आहे."

"आमच्या गाडीत तीन आहेत," त्या म्हणाल्या.

मिस्टरांच्या घशातून एक आवाज आला. ते हसत होते. बाई म्हणाल्या, "तुमचं भांडण मी यांना रोज वाचून दाखवते. दुपार जाते आमची. आणि हे मेले तुमच्या बाजूने असतात!"

"बस... बरी," मिस्टर म्हणाले. एवढ्या दोन शब्दांना त्यांना बराच वेळ लागला.

मग बाईंनी मला बायकोबद्दल विचारलं. मी सांगितलं. रिक्षा, स्पीडब्रेकर, शेवटचे दिवस. इतकं सलग मी कोणालाच सांगितलं नव्हतं. समोर फक्त दोन डोकी पाठमोरी दिसत होती, म्हणून जमलं असेल. "ती गाडी मागायची," मी म्हणालो. "आणि मी तिच्याशी वाद घालायचो."

"त्या काय म्हणायच्या?"

"तुम्ही म्हणता तेच."

त्यांनी आरसा थोडा हलवला. मुलुंड चेकनाका आला तसं मी त्यांना घराकडचं वळण दाखवलं.

गेटपाशी मी म्हणालो, "वर चला ना, चहा घेऊन जा."

"लिफ्ट आहे?"

"नाही."

आम्ही दोघांनीही मिस्टरांकडे बघितलं. "पुन्हा कधीतरी," त्या म्हणाल्या आणि गाडी वळवून गेल्या.

त्याच दुपारी मी माझ्या पोस्टखाली लिहिलं की यातलं एक वाक्य खोटं आहे, आणि कुठलं तेही. एकाने लिहिलं, 'म्हणजे इतके दिवस आम्हाला येडं बनवत होतात का?' तेवढं ऐकून घ्यायलाच हवं होतं. बाकी कोणी काही बोललं नाही. पोस्ट जुनी झाली होती.

मला वाटलं होतं, आता ओळख झाली, बोलणं वाढेल. झालं उलटंच. त्यांनी काही लिहिलं की मी 'तुमचं बरोबर आहे, पण' इथपर्यंत लिहायचो आणि पुसून टाकायचो. त्या व्हीलचेअरचा वजनदार दांडा मी हातात धरला होता. आता कुठल्या तोंडाने टोचून बोलणार? त्याही मला पायरीची उंची विचारेनाशा झाल्या. 'कसे आहात?' 'बरा. तुम्ही?' 'चाललंय.' त्यापुढे गाडी जाईना. भांडता येणार नाही एवढं आम्ही एकमेकांना ओळखत होतो, आणि उठून घरी जावं एवढं ओळखत नव्हतो. एकदा मी घाटकोपरला जाणाऱ्या बसच्या स्टॉपवर जाऊन उभा राहिलो. दोन बस सोडल्या आणि घरी आलो. एकदा गाडीतून घरी सोडलं एवढ्या ओळखीवर कोणाच्या दारात जाऊन काय सांगायचं?

मग त्यांचं ग्रुपवर येणं कमी झालं. एकदा मला वेगळा मेसेज आला. 'गाडी विकली. यांना आता बसवत नाही.' मी लिहिलं, 'काही लागलं तर सांगा.' त्यांनी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.

ग्रुपवर मी जात होतो, पण बाकीच्यांशी भांडण्यात जीव लागेना. ते माझं वाचायचे आणि स्वतःचंच लिहायचे.

चारेक महिन्यांनी एका दुपारी मेसेज आला. 'दिंडोशी कोर्टात जायचंय, वारसाच्या कागदांसाठी. हे गेले, दीड महिना झाला. घाटकोपरहून कुठली बस बरी पडेल?'

मी दोनतीनदा वाचलं. सांत्वनाचं काहीतरी लिहायला घेतलं आणि पुसलं. माझ्या वेळी लोक जे जे बोलले होते त्यातलं मला काहीच आठवत नव्हतं. तेव्हा त्यांनी जे विचारलं होतं त्याचं उत्तर लिहिलं. बस कुठून पकडायची, कुठे शाळा सुटायच्या वेळेची गर्दी लागेल, ऊन पवईपर्यंत उजवीकडून येईल आणि पुढे डावीकडून. कंडक्टरला आधीच सांगून ठेवा, नाहीतर पुढच्या स्टॉपला उतराल. पाणी जवळ ठेवा. पानभर झालं. शेवटी लिहिलं, 'ते माझ्या बाजूने होते, हे मी विसरणार नाही.'

दुसऱ्या दिवशी साडेअकराला उत्तर आलं. 'पोचले. उभं राहावं लागलं.'

फोन हातात धरून मी बसून राहिलो. सगळं सांगितलं होतं मी, उन्हाची बाजूसुद्धा. सोबत येऊ का, एवढं विचारायचं राहिलं होतं. मला कुठे काय काम होतं! बस मला ठाऊक, वेळ माझ्याकडे ढीगभर. कोर्टाचं काम एका फेरीत होत नाही, हे माहीत होतं, म्हणून दोन दिवस स्वतःला समजावून मी लिहिलं, 'पुढच्या वेळी सोबत हवी असेल तर मी येऊ शकतो. मला त्या बाजूची माहिती आहे.'

संध्याकाळी त्यांचं उत्तर आलं. 'भाऊ येणार आहे गावाहून, तो असेल आता. थँक्यू हं.'

मी लिहिलं, 'चांगलं झालं.' आणि ते चांगलंच झालं होतं. मी उठलो, गॅसवर कुकर चढवला आणि शिट्ट्या मोजत उभा राहिलो.