राजूरला गेलेला ओटीपी

मंगळवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी प्रज्ञाला कळले की तिला कॉलेजात जागा मिळून दोन दिवस झाले आहेत. जागा स्वीकारण्याची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती.

प्रज्ञा माझी भाची. परतूरला बारावी विज्ञान झाली. बी.एस्सी. कृषीसाठी अर्ज केला, पहिली पसंती छत्रपती संभाजीनगरच्या एका कॉलेजला दिली आणि तेच लागले. ही बातमी तिला संदेशाने आली नाही. एका वर्गमैत्रिणीने यादीत स्वतःचे नाव शोधताना हिचे पाहिले आणि अभिनंदनाचा फोन केला. पहिल्या पसंतीचे कॉलेज लागूनही ते स्वीकारले नाही, तर जागा जाते आणि पुढच्या फेऱ्यांतूनही नाव वगळले जाते. माहितीपुस्तिकेत ही ओळ ठळक छापली होती. मी पुण्याहून चार दिवसांच्या सुटीवर बहिणीकडे आलो होतो. तो तिसरा दिवस होता.

जागा स्वीकारायची तर संकेतस्थळावर ओटीपी टाकावा लागतो आणि तो अर्जात नोंदवलेल्या मोबाईलवर जातो. पडद्यावर त्या मोबाईलचे शेवटचे दोन आकडे दिसत होते. घरातल्या कुणाच्याच नंबरचे ते नव्हते.

"गजूभाऊचा नंबर टाकलाय," प्रज्ञा म्हणाली आणि खुर्चीत बसून राहिली.

गजानन परतूरला ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान चालवतो. तालुक्यातल्या निम्म्या मुलांचे अर्ज त्याच्या एका संगणकावरून जातात, असे लोक सांगतात. हंगामात दुकानाबाहेर रांग लागते. प्रत्येक अर्जाला चार-पाच वेळा ओटीपी येतो. प्रत्येक वेळी "बापाला फोन लाव, नंबर विचार" असे करत बसले तर दिवसाला दहा अर्ज होत नाहीत. म्हणून तो सगळ्यांच्या अर्जात आपलाच नंबर टाकतो. यात लपवाछपवी नसते. मुलांना ते माहीत असते आणि सोयीचेही वाटते.

दुकानाला कुलूप होते. शेजारच्या टेलरने मशीन न थांबवता माहिती दिली. आज अंगारकी (मंगळवारी आलेली संकष्टी चतुर्थी). गजानन जालन्याहून पायी राजूरच्या गणपतीला गेला आहे. फोन बंद लागणारच. "दर्शन होईस्तोवर चालूच करत न्हाई तो. नवस हाये त्याचा," टेलर म्हणाला.

प्रवेशाच्या मदतवाहिनीवर चौदा मिनिटांनी माणूस मिळाला. मोबाईल नंबर बदलता येईल, त्याला कामकाजाचे तीन दिवस लागतील, असे त्याने सांगितले आणि आणखी काही मदत हवी आहे का, असे विचारले. गजाननच्या बायकोने आपल्या भावाचा नंबर दिला. त्याचे राजूरला नारळ-दुर्वांचे दुकान लागले होते. घंटी वाजत राहिली, कुणी फोन उचलला नाही.

दाजी, म्हणजे प्रज्ञाचे वडील, मोंढ्यात (धान्याच्या बाजारात) हमाल आहेत. ते अर्धा दिवस सोडून आले. गजानन कदाचित लवकर परतेल, म्हणून त्यांनी दुकानापुढे थांबायचे आणि प्रज्ञाने माझ्याबरोबर राजूरला जायचे, असे ठरले. दाजी पायरीवर बसले. "वर्षभर अभ्यास केला पोरीनं," ते टेलरला म्हणाले, "अन् नंबर गजूचा." टेलरने मान हलवली. त्याच्या मुलाचा अर्जही तिथूनच गेला होता.

दहा पंचावन्नची गाडी अकरा वीसला आली. परतूर सुटले की दोन्ही बाजूंनी काळी रानं सुरू होतात. कपाशी वीतभर वर आली होती, सोयाबीनमध्ये कोळपणी चालली होती. रांजणीला गाडी कारण न सांगता अठरा मिनिटे उभी राहिली. समोरच्या बाकावर एक निवृत्त ग्रामसेवक होते. कुठे निघालात, असे त्यांनी विचारले. प्रज्ञाने सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि आमच्या वेळी पोस्टमन घरी यायचा, एवढेच म्हणाले. प्रज्ञा दर पाच मिनिटांनी गजाननचा नंबर लावत होती. मग बॅटरी वाचवायची म्हणून मी तिला थांबवले.

जालन्याला पोहोचायला पाऊण वाजला. बसस्थानकावर राजूरसाठी जादा गाड्या सोडल्या होत्या आणि प्रत्येक गाडीच्या दाराशी गाडीत मावतील त्याच्या दुप्पट माणसे होती. दोन गाड्या गेल्या. तिसरीत प्रज्ञा खिडकीतून ओढणी टाकून जागा धरायला गेली, तर ओढणीवर एक आजीबाई बसल्या. त्या राजूरपर्यंत उठल्या नाहीत; ओढणी मात्र सांभाळून परत दिली. आम्ही उभे होतो. भोकरदन रस्त्याच्या कडेने भगवे झेंडे घेतलेले लोक अनवाणी चालत होते. काहींच्या तळपायांना कापडी पट्ट्या होत्या. कंडक्टर तिकीट फाडता फाडता एका प्रवाशाला समजावत होता की बाबा, देवाला घाई न्हाई, तुम्हीच करून राह्यले.

पोलिसांनी गाडी गावाच्या अलीकडेच थांबवली. पुढे चालत जायचे होते. पाच मिनिटांत प्रज्ञाच्या चपलेचा अंगठा तुटला. तिने दोन्ही चपला हातात घेतल्या. सगळेच अनवाणी असल्याने तिच्याकडे कुणी पाहिले नाही. एका बाईने तर तिला नवस कशाचा म्हणून विचारले. प्रज्ञा म्हणाली, कॉलेजचा. बाईंनी तिच्या हातावर साखरफुटाणे ठेवले.

राजूरचे देऊळ उंचावर आहे. खाली दुकानांच्या दोन रांगा, मधून लोक, आणि सगळीकडे उपवासाचे खाणे: साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, उकडलेली रताळी. गजाननच्या मेव्हण्याचे दुकान सापडायला वीस मिनिटे लागली. तिथे आमच्याआधी एक बाई येऊन उभ्या होत्या. शोभाताई, सातोन्याच्या अंगणवाडी सेविका. त्यांच्या मुलीला नर्सिंगला जागा लागली होती आणि ओटीपी याच फोनवर येणार होता. त्या पहाटे निघाल्या होत्या. मेव्हणा दोन्ही हातांनी नारळ देत होता. गजानन रांगेत आहे, पाइपांच्या तिसऱ्या वळणावर, डोक्याला हिरवा टॉवेल, असे त्याने सांगितले आणि मी शेजारून खिचडी घेतली तेव्हा मला पैसे देऊ दिले नाहीत. प्रज्ञाने खाल्ले नाही. मी उभ्याने खाल्ली.

दुपारी दोन पन्नासला गजानन सापडला. वय तिशीच्या आसपास, पायांना फोड आलेले, रात्रभर चालल्याने डोळे लाल. लोखंडी पाइपांच्या आत तो, बाहेर आम्ही तिघे. शोभाताईंनी सर्वांत आधी त्याची बाही धरली आणि शेवटपर्यंत सोडली नाही.

गजाननने सांगितले ते असे. मुदत शुक्रवारपर्यंत असेल असे तो धरून चालला होता, कारण गेल्या वर्षी तशी होती. यादी रविवारी संध्याकाळी लागली. तेव्हा तो निघायच्या तयारीत होता. पोरं सिम बदलतात, बापांच्या फोनला रिचार्ज नसतो, म्हणून आपला नंबर टाकतो. आपला नंबर कधी बंद पडत नाही. हे वाक्य बोलून तो स्वतःच थांबला.

"आज पडला ना," शोभाताई म्हणाल्या.

फोन त्याच्या कमरेच्या पिशवीत होता. दर्शन झाले की पहिला ओटीपी तुमचाच, असे त्याने दोघींना सांगितले. मी रांगेवरच्या स्वयंसेवकाला विचारले, इथून गाभाऱ्यापर्यंत किती वेळ. तो म्हणाला, दोन तास, जास्तच.

दोन तास म्हणजे चार पन्नास. हे सगळ्यांच्या लक्षात आले. गजानन मान खाली घालून उभा राहिला. मुलगी सातव्या महिन्यात झाली होती, ती वाचली तेव्हा तो हे बोलला होता: सात अंगारक्या, पायी, फोन बंद ठेवून. ही सहावी होती.

"गणपती काय कुठं चाललाय का रे," शोभाताई म्हणाल्या. "आमच्या पोरी चालल्यात यादीतून."

"मावशी, असं बोलू नका. पोरीच्या जिवाचं हाये ते."

रांग दोन पावले सरकली. आम्ही बाहेरून दोन पावले सरकलो. चपला बगलेत धरून प्रज्ञा पाइपाजवळ गेली.

"भाऊ, आमच्या घरात देव न्हाई. बाबासाहेब हायेत, बुद्ध हाये. नवस मोडल्याचा जो काही दोष लागंल तो माझ्या नावानं लावा. तुमच्या बाप्पाला सांगा, परतूरच्या खरातांच्या प्रज्ञानं फोन चालू करायला लावला. माझ्याकडं तो यायचा न्हाई, अन् आला तं मी बघून घेईन."

रांगेतला एक म्हातारा हसला. गजाननच्या मागचा माणूस म्हणाला की पोरगी बराबर बोलून राह्यली, वकील व्हायला पाहिजे. गजानन हसला नाही. त्याने देवळाच्या दिशेने हात जोडले, ओठ हलवले. काय म्हणाला ते ऐकू आले नाही. मग पिशवीतून फोन काढून चालू केला.

रेंज नव्हती. एवढ्या गर्दीत कुणाच्याच फोनला नव्हती. वेळ तीन अकरा.

गजाननने रांग सोडली नाही. त्याने फोन पाइपांमधून बाहेर दिला आणि पडदा उघडण्याची खूण बोटाने हवेत काढून दाखवली. "घेऊन जा," तो म्हणाला. "माझं रांगेत राहणं तेवढं राहू द्या."

ज्या रस्त्याने आलो त्याच रस्त्याने उलटे निघालो. आता गर्दी समोरून येत होती. शोभाताई पुढे झाल्या आणि दोन्ही कोपरांनी वाट काढली. पोलिसांच्या अडथळ्यापर्यंत रेंज आली नाही. त्यापुढे जालन्याच्या दिशेने चालत राहिलो. एका मोसंबीच्या बागेच्या बांधावर, चार वाजून दोन मिनिटांनी, गजाननच्या फोनवर संदेश पडू लागले. एकामागून एक, तीन-चार मिनिटे ते थांबले नाहीत. अभिनंदन, आपणास जागा मिळाली आहे. आपली कागदपत्रे अपूर्ण आहेत. आपली मुदत आज संपत आहे.

प्रज्ञाने शोभाताईंच्या मुलीचे आधी केले, कारण त्या पहाटे निघाल्या होत्या. ते चार अठराला झाले. मग स्वतःचे. पहिला ओटीपी आला तोवर तिच्या फोनवरचे पान बंद पडले. दुसऱ्यांदा पान उघडले, पण ओटीपी दहा मिनिटे आलाच नाही. तिसऱ्यांदा दोन्ही जुळले. चार एकेचाळीसला पडद्यावर 'जागा स्वीकारली' असे आले. तिने ते मला दाखवले, शोभाताईंना दाखवले, वडिलांना फोन केला. दाजी पायरीवरच होते. "बरं," ते म्हणाले. "मंग जेवण करून घे आता."

फोन परत द्यायचा होता. त्याआधी प्रज्ञाने बांधावर बसून संदेश पुन्हा वाचले. त्याच दिवशी मुदत संपणारी आणखी दोन नावे होती. एक तिच्या वर्गातली मुलगी. तिला फोन लागला, आकडे सांगितले, तिचे चार सत्तावन्नला झाले. दुसरा वाटूरचा कुणी मुलगा. त्याचा नंबर शोधला. अर्जात होता तो नंबर म्हणजे हाच फोन. पाच वाजता संकेतस्थळ बंद झाले.

सहाच्या सुमारास आम्ही परतलो तेव्हा गजानन दर्शन करून मेव्हण्याच्या दुकानात आला होता. त्याने झाले का विचारले. तिघींचे झाले, एकाचे राहिले, असे प्रज्ञाने सांगितले आणि नाव लिहिलेला कागद त्याला दिला. त्याने तो दोनदा वाचला. मग आम्हाला एकेक नारळ दिला. प्रज्ञाने घेतला. सहाव्या अंगारकीचे काय, ती धरायची की नाही, हे तो मेव्हण्याला विचारत होता तेव्हा आम्ही निघालो.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली. प्रज्ञा जालन्यापर्यंत झोपली. परतूरला उतरलो तेव्हा दाजी स्टेशनवर नव्या चपला घेऊन उभे होते. माप एक नंबर मोठे होते.

मी सुटी एक दिवस वाढवली. गुरुवारी प्रज्ञा आणि मी संभाजीनगरच्या कॉलेजात गेलो. खिडकीपुढे तीन तास रांग होती. कारकुनाने शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक आणि जातीचा दाखला मूळ प्रतींशी ताडून पाहिले, एका छायाप्रतीवर सही राहिली होती ती तिथेच करून घेतली आणि दुपारी तीन वाजून पस्तीस मिनिटांनी प्रवेशाच्या पावतीवर शिक्का मारला. शिक्का ओला होता. तो वाळेपर्यंत प्रज्ञाने पावती दुमडली नाही.