दुसऱ्या भागातली ओली पावलं

दुसऱ्या भागात गोळ्या फार आहेत, हे माझं पहिलं गाऱ्हाणं. कपाट उघडलं की गोळ्या, पेटी फोडली की गोळ्या, मेलेल्या राक्षसाच्या खिशातही गोळ्या. राक्षसाला खिसा लागतो कशाला, हे कोणी सांगेल का मला? भीतीचा गेम म्हणून हौसेनं घेतला आणि निघालं फटाक्यांचं दुकान!

मी हे सगळं दादाला तावातावानं सांगितलं, तर तो टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाला, "मले त मजा येऊन राहिली."

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. गोंदियात एका राईस मिलमध्ये मशीन चालवतो आणि फुलचूरला राहतो. मी लग्न होऊन कामठ्याला गेले. रविवारी दुपारी घरचं आटपलं की मी स्कूटी काढते आणि त्याच्याकडे जाते. वहिनी कुरकुरत खिडकीवर चादर टांगून देते, खोलीत अंधार होतो, आणि केस पिकायला लागलेले आम्ही दोघं बहीणभाऊ गेम खेळतो. सासरी मी "भावाकडे जाते" एवढंच सांगते. राक्षस मारायला जाते म्हटलं तर काय म्हणतील!

पहिला भाग आम्ही खेळलो तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं आणि दादा मिलमध्ये नवा होता. पुरात बुडून रिकामं झालेलं एक गाव, हरवलेल्या बहिणीला शोधायला आलेली एक बाई, तिच्या हातात बॅटरी आणि पिस्तुलात मोजक्या गोळ्या. आणि त्या गावात एक काहीतरी होतं. ते दिसायचं नाही. त्याची फक्त ओली पावलं ऐकू यायची, चपक, चपक. भिंतीपलीकडून, जिन्यावरून, कधी अगदी पाठीमागून. तो आवाज आला की पळायचं नाही, लढायचं नाही, जिकडून येतोय त्याच्या उलट बाजूला हळूच सरकायचं. बस्स. एवढ्यावर त्या लोकांनी अख्खा गेम उभा केला होता, आणि माझा चहा कपात तसाच गार व्हायचा.

मी डोळे मिटून घ्यायची. म्हणून मग आम्ही तो गेम जागलीसारखा खेळलो. आमचं माहेर नवेगाव बांधच्या बाजूचं. धान भरायला लागलं की डुकरं येतात, आणि मचाणावर राखण करावी लागते. आमच्या बाबांची रीत अशी होती की मचाणावर दोघांनी बसायचं. पुढचा बघणार, मागचा ऐकणार. बोलायचं नाही, कारण बोललं की डुक्कर बांधाआड दबून बसतं आणि आपण उतरलो की परत येतं. मागच्याला ज्या बाजूनं खसखस ऐकू येईल, त्या बाजूच्या खांद्यावर त्यानं पुढच्याला थाप मारायची. डाव्या खांद्यावर थाप म्हणजे डावीकडून. दोन्ही खांद्यांवर म्हणजे मागून, आणि मग डबडं वाजवायचं. मी घरात सगळ्यात भित्री, डोळे गच्च मिटणारी, म्हणून बाबांनी मला कायम मागे बसवलं. कान मात्र माझे तिखट होते.

तर पहिल्या भागात दादा खाली चटईवर, रिमोट हातात, आणि मी त्याच्या मागे खाटेवर, डोळे बंद. चपक आलं की थाप. दादा वळायचा. कधी मी फारच घाबरले की तो म्हणायचा, "डोरे उघड वो, गेला तो. मी आहो ना." एवढं म्हटलं की मला खरंच धीर यायचा.

आम्ही गोळ्याही वाचवल्या होत्या. आमच्या लोकांची खोडच ती. तलाव बांधणारी जात आमची. पाणी राखायचं, तुडुम, म्हणजे तलावाचं दार, गरज पडल्याशिवाय उघडायचं नाही, हे बाळकडूच मिळालेलं. गेम संपला तेव्हा आमच्या थैलीत गोळ्यांचा ढीग तसाच पडून होता. दादा पोट धरून हसला. "तुडुम उघडलाच नाई आपन!"

दुसऱ्या भागात हीच खोड नडली. आम्ही नेहमीप्रमाणे गोळ्या राखत, सरकत सरकत चाललो, आणि गेमनं आम्हाला बदडून काढलं. इथे सरकणं चालतच नाही. दार बंद होतं, चारी बाजूंनी राक्षस येतात, आणि सगळे मेल्याशिवाय दार उघडत नाही. मागची ती घाबरलेली बाई आता कुऱ्हाड घेऊन फिरते, दर वळणावर काहीतरी टोमणा मारते, आणि मोठा राक्षस आला की एवढा वेळ लढते की मध्ये एकदा भजी तळून होतील. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ती ओली पावलं कोणाची, ते कुठून आलं, त्याचा बाप कोण, सगळं सांगून टाकलं! ओळखपाळख झाल्यावर भीती कसली उरते?

पण खोटं कशाला बोलू, चांगलंही होतं. कुऱ्हाडीचा घाव असा बसायचा की रिमोट हातात थरथरायचा. बंदुकीला आपल्या मर्जीनं नवे भाग बसवता यायचे, आणि दादा त्यात असा रमायचा, जसा मिलमधल्या मशीनशी रमतो. बुडालेल्या बाजारातली लढाई तर मी आजही विसरले नाही. राक्षस एकामागून एक येत नव्हते, घेरून येत होते, एक समोरून दम द्यायचा आणि दुसरा दुकानामागून वळसा घालायचा. तिथे मी ओरडून ओरडून घसा बसवला. भीती नव्हती, पण रग होती. दादाच्या चेहऱ्यावर असा आनंद मी फार दिवसांनी पाहिला.

मला फक्त शांतता हवी होती. पहिल्या भागातली.

आणि मला ती पांढरी रेघ नको होती. पडद्याच्या कडेला एक बारीक पांढरी कमान उमटायची. आवाज डावीकडून आला की डावीकडे, मागून आला की खाली. मला दोन रविवार ते कळलंच नाही. कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं.

"हे काय रे? हा त सरळ सांगतेच का कोन कोठून येऊन राहिला! मग खेळायचं कायले?"

"राहू दे ना," दादा म्हणाला.

"काऊन राहू दे? ही चीटिंग आहे." मी रिमोट त्याच्या हातातून ओढला, सेटिंगमध्ये गेले आणि ती रेघ बंद करून टाकली. दादानं रिमोट परत हिसकावला नाही. एरवी तो असा सोडत नाही, पण मी आपल्याच तोऱ्यात होते.

त्याच दुपारी बर्फाचा कारखाना आला. दुसऱ्या भागातला एकच धडा असा आहे की तिथे बाईची कुऱ्हाड पाण्यात पडते, बंदुका हिसकावल्या जातात आणि ती पुन्हा पहिल्यासारखी रिकाम्या हातानं उरते. बर्फाच्या लाद्यांच्या उंच रांगा, मध्ये बोळ, अंधार. आणि कुठूनतरी चपक. चपक.

अव माय! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. हेच तर मला हवं होतं. ह्या लोकांना येत होतं की सगळं, मग बाकीचा गेमभर आतषबाजी कशाला केली! मी पदराचा बोळा तोंडाशी धरला.

दादा सरळ बोळातून चालत गेला आणि त्या आवाजाच्या तोंडात जाऊन पडला. मेला.

परत सुरू केलं. पावलं उजवीकडून येत होती, तो उजवीकडेच वळला. मेला. परत. मग परत. मी आधी हसले, मग चिडले. "अरे, तिकडे कायले जाऊन राहिला? तिकडेच तर आहे तो!" दादाचे कान लाल झाले होते. तो अजून एकदा मेला आणि त्यानं रिमोट चटईवर आपटला.

"बोगस गेम आहे! आवाजच नाई टाकला त्याईनं. मानसाले समजनार कसं?"

खोलीभर चपक चपक चालू होतं. दादा टीव्हीचा आवाज एवढा मोठा ठेवायचा की शेजारचे भिंत ठोकत.

मी त्याच्या डाव्या बाजूला खाली बसले होते. हळूच म्हटलं, "दादा, तुले आयकू येत नाही का?"

तो पडद्याकडे बघत होता. त्यानं मान वळवली नाही, भुवई हलवली नाही. मी बोलले हेच त्याला कळलं नव्हतं.

वहिनी किती दिवसांपासून मला म्हणत होती, "ह्याईले सांगा वो बाई, हाका मारून मारून माझा गळा सुकते, पन ह्याईचं ध्यानच नाई घरात." मीही म्हणायची, हो, माणसं बायकोचं ऐकतच नाहीत, आमच्या घरीही तेच. आम्ही दोघी हसायचो. मिलमध्ये इतकी वर्षं दिवसभर त्या धडधडीत उभा राहणारा माणूस, आणि आम्हाला साधी शंका आली नाही. त्याला दुसरा भाग का आवडला, तेही मला तेव्हाच कळलं. तिथे ऐकावं लागत नव्हतं. राक्षस समोर दिसत होता, रिमोट हातात थरथरत होता, आणि कोणीतरी भल्या माणसानं त्याच्यासाठी पांढरी रेघ काढून ठेवली होती. मी ती पुसली होती.

मला रडू येत होतं, पण रडले असते तर दादानं रिमोट ठेवून दिला असता आणि विषय कायमचा बंद केला असता. मी उठले, त्याच्या मागे सोफ्यावर जाऊन बसले आणि डोळे मिटले. चपक आलं. मी त्याच्या उजव्या खांद्यावर थाप मारली.

त्याचं अंग ताठ झालं. तो मागे वळला नाही. रिमोटच्या बटणाचा आवाज आला आणि पावलं लांब गेली. डावीकडे. थाप. मग बराच वेळ काही नाही. मग एकदम मागून, आणि मी दोन्ही खांदे धरले. आम्ही कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझा हात घामानं ओला होता आणि त्याचा सदराही.

"मिलमधी कोनाले सांगू नको," दादा म्हणाला. अजून पाठमोराच. "रोलरचा आवाज बदलला का आधी मले समजत जाये. आता पोट्टे येऊन सांगतेत, काका, मशीन वराडून राहिली. कान गेला मनलं त गेटवर बसवतीन. मशीनवरून काढलं त मी काय करू सांग?"

मी पुढे येऊन त्याच्या समोर बसले, तोंड दिसेल अशी. "आणि रोज गाडीनं जाते तू मिलमधी. मागून ट्रक आला त थाप कोन मारनार?"

तो चिडला. मला अक्कल शिकवू नको म्हणाला. मीही आवाज चढवला, आमच्यात नाकावरचा राग सगळ्यांनाच आहे, आणि वहिनी दारात येऊन उभी राहिली. तिला तिथेच कळलं. ती दाराला टेकून डोळे पुसत राहिली. त्या रडण्यानं दादा विरघळला. "चला बापा," तो म्हणाला, "दाखवून टाकू एकदाचं."

दवाखान्यात एक छोटी खोली होती. एका बाईंनी दादाला खुर्चीवर बसवलं, कानावर मोठे हेडफोन चढवले आणि मोठ्यानं समजावलं की बारीक शिट्टी ऐकू आली की त्या बाजूचा हात वर करायचा. त्या मशीनशी बसल्या. मला त्यांनी दादाच्या मागे भिंतीजवळच्या स्टुलावर बसू दिलं, फक्त गप्प राहायला सांगितलं.

शिट्टी फक्त त्याच्या कानात होती. मला काहीच ऐकू येत नव्हतं. खोली इतकी शांत होती की त्यापेक्षा शांत जागा मी कधी पाहिली नाही. दादाचे दोन्ही हात मांडीवर होते. बाईंनी बटण दाबलं, वाट पाहिली, परत दाबलं. हात हलले नाहीत.

मग दादानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्यानं डावा खांदा थोडा मागे केला, मचाणावर करायचा तसा, आणि थापेची वाट पाहत थांबला.

माझे हात मांडीवर होते, पण थाप कोणत्या खांद्यावर मारायची ते मलाच ऐकू येत नव्हतं. मी नुसती मान हलवली. नाही म्हणून. दादा पुढे वळला. त्यानं डोळे गच्च मिटून घेतले, मी मिटायची तसे, आणि कान देऊन बसून राहिला.

"मी आहो ना," मी म्हटलं. बाईंनी रागानं माझ्याकडे पाहिलं. दादाला ते ऐकू गेलं नाही.